वापरलेला आठवडा

जगात नवी वस्तू नावाची काही चीज असते यावर आमच्या साडूंचा विश्वासच नाही. त्यांच्या मते वस्तू दोनच प्रकारच्या: एक वापरलेली, आणि दुसरी अजून फजिती न झालेली. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं त्यांनी नोटांचे कोरे करकरीत ताव उजेडाला धरून चुका शोधल्या, त्यामुळे नव्याकोऱ्याबद्दल चारचौघांना जे कौतुक असतं ते त्यांच्यात औषधालाही उरलेलं नाही. "नवं म्हणजे काय, साडूभाऊ? ज्यातली चूक अजून कुणाला सापडली नाही ते," असं ते मला दर दिवाळीला ऐकवतात. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. लग्नपत्रिका उजेडाला धरतात, पापड भाजायच्या आधी धरतात. एकदा आमच्याकडे डोसा धरला होता. "कडेला जाड आहे" असा शेरा मारला आणि मग तीन खाल्ले.

त्यांच्या घरातली एकूण एक वस्तू कुणीतरी आधी वापरलेली. स्कूटर, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, हल्ली घेतलेली चारचाकी, सगळं. आणि घेण्याची पद्धतही ठरलेली. ते किंमत आधी विचारतच नाहीत. विकणाऱ्यासमोर बसतात, पाणी पितात आणि एकच प्रश्न टाकतात: "का विकताय?" फ्रिज विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, मोठा घ्यायचाय. साडू नुसते बघत राहिले. त्या बघण्यापुढे भलेभले टिकत नाहीत; पाच मिनिटांत बाईंनी कबूल केलं की बर्फ जमतो पण आइस्क्रीम जमत नाही. "आम्हाला कुठे आइस्क्रीम करायचंय," म्हणत साडूंनी तो उचलला, आणि तो आजतागायत घूं घूं करत चालू आहे. मीही ह्या प्रश्नातून सुटलेलो नाही. त्यांचं लग्न आधी झालेलं, म्हणून धाकट्या मेहुणीसाठी मला बघायला थोरले जावई या नात्याने तेच आले होते. माझ्या वडिलांना त्यांनी विचारलं, "मुलगा एकतीसचा झाला. इतके दिवस का राहिला?" वडील आज हयात असते तर अजूनही चिडलेले असते.

आता मुख्य गोष्ट. माझी बायको आणि साडूंची बायको, म्हणजे ताई, या सख्ख्या बहिणी. नाशिक रोड ते गंगापूर रोड असं कितीसं अंतर? पण लग्नं झाल्यापासून दोघी एकत्र राहिल्या त्या फक्त बाळंतपणात, आजारपणात आणि कुणी गेलं तर तेराव्यापर्यंत. एक आठवडा समुद्रावर जायचं आणि काही करायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा. ताईचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य हल्ली कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

तेवढ्यात मला फोन आला की तुम्हाला डिनर सेट लागलाय, जोडीने या. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात हॉल, थंडगार हवा, पडद्यावर निळा समुद्र. आम्ही चौघंही गेलो. टाय लावलेल्या एका मुलीने टाइमशेअर समजावून सांगितला: कोकणात समुद्रकाठी खोली, दर वर्षी ठरलेला एक आठवडा आपला, पंचवीस वर्षं. आज सही केली तर अडतिसाव्या आठवड्यावर खास सवलत. अडतिसावा म्हणजे कधी, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, "सप्टेंबर, सर. एकदम हिरवंगार." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात खिशातल्या चेकबुकाकडे गेलाच. तेव्हा साडूंनी घसा खाकरला आणि त्या मुलीला विचारलं, "का विकताय?" ती बिचारी म्हणाली, ते आमचं कामच आहे. "तुम्ही गेलात का कधी तिथे?" ती खाली बघून म्हणाली, "नाही सर. आम्हाला सुट्टी कुठे मिळते?" साडूंनी मायेने तिला पाणी पुढे केलं आणि आम्हाला उठवलं. डिनर सेटसुद्धा घेऊ दिला नाही.

त्यानंतर आठ दिवस आमच्यात तळ्यात-मळ्यात चाललं. साडूंनी पेपरातल्या छोट्या जाहिरातींतून नेमका तोच रिसॉर्ट, तोच अडतिसावा आठवडा शोधून काढला होता. विकणारे कळवणचे एक निवृत्त मास्तर. मी म्हणायचो, कंपनीकडूनच घेऊ, कागदपत्रं स्वच्छ असतील. साडू म्हणायचे, कंपनीला विचारून काय उपयोग, तिने तिथे कधी रात्र काढलीय? दोघी बहिणी फोनवर एकमेकींना म्हणायच्या की ह्या दोघांचं ठरेपर्यंत समुद्र आटेल. शेवटी माझी बायको म्हणाली, "रविवारपर्यंत ठरलं नाही, तर सोमवारी जाऊन मी सही करते." मला मनातून बरंच वाटलं.

रविवारी साडूंच्या गाडीतून चौघंही कळवणला. मास्तर गोड माणूस. पोहे झाले, चहा झाला, आणि साडूंनी प्रश्न टाकला. मास्तर उठले, दारामागचं कॅलेंडर काढलं, मागच्या वर्षांचीही जपून ठेवलेली चार-पाच आणली आणि आमच्यापुढे सप्टेंबरची पानं उघडून मांडली.

"जागा लय चांगली, भाऊ. पण आठवडा असा नशिबी आला, की एक तर घरात गणपती, नाय तर पितर. अकरा वर्षांत दोनदा गेलो."

मी वाकून पाहिलं. खरंच की! एका वर्षी गौरी-गणपती, दुसऱ्या वर्षी पक्ष पंधरवडा, पुन्हा गणपती. मराठी घरातला माणूस जो आठवडा घराबाहेर काढूच शकत नाही, नेमका तोच शोधून कंपनीने मला सवलतीत देऊ केला होता, आणि तीस वर्षं बँकेत कागद वाचलेला मी तो 'हिरवंगार' म्हणून घेणार होतो. माझा जीव असा भांड्यात पडला की मी मास्तरांकडे आणखी पोहे मागितले. साडूंनी मला एका शब्दानेही टोमणा मारला नाही, हे त्यांचे उपकार.

पण मास्तर म्हणाले, यंदाचा आठवडा तसाही वाया जाणार, पक्ष आहे. तुम्ही राहून या, मग ठरवा. साडूंनी नको म्हणून हात जोडले. त्यांच्या वडिलांची तिथी नेमकी त्याच आठवड्यात होती, आणि ती त्यांनी आजवर एकदाही चुकवलेली नाही.  परतीच्या वाटेवर दोघी मागे खिडकीबाहेर बघत होत्या. दिंडोरी जवळ आल्यावर ताई बोलली, आवाज न चढवता.

"चौतीस वर्षं तुमच्या पितरांना जेवू घालतेय. कुठल्या चुलीवर रांधलं, हे त्यांनी मला एकदा तरी विचारलंय का?"

साडूंनी गाडी चहाच्या टपरीपाशी थांबवली. चहाचा ग्लास उजेडाला धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "कावळे काय, कोकणातही असतात."

आणि आम्ही गेलो. नाशिकहून भोपळा, अळू, तांदळाची खीर करायचं पातेलं, सगळं डिकीत. रिसॉर्टमध्ये पक्षामुळे शुकशुकाट. समुद्र जणू आमच्याच मालकीचा. तिथीच्या दिवशी दोघी बहिणींनी खोलीतल्या चिमुकल्या ओट्यावर सगळा स्वयंपाक केला आणि साडूंनी बाल्कनीच्या कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं. कावळा येईना. समोर माडावर तीन बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. अर्धा तास गेला. साडूंच्या कपाळाला घाम. हात जोडून ते वडिलांना, म्हणजे त्यांच्या दादांना, पुटपुटत आश्वासनं देऊ लागले: पुढच्या वर्षी तिथी घरीच करीन, त्र्यंबकेश्वरला जाऊन येईन. कावळे ढिम्म. तेवढ्यात आत एक वडा तेलात फुटला, तेल उडालं, आणि दोघी बहिणी जे हसत सुटल्या ते थांबेचनात. ताईला तर ओट्याला धरून खाली बसावं लागलं. साडू मागे वळून ऐकत राहिले. मग परत माडाकडे तोंड करून जरा मोठ्यानेच म्हणाले, "दादा, हिला दर वर्षी आणीन."

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. "शिवला, शिवला!" म्हणून मी ओरडलो. साडू मटकन खुर्चीत बसले, आणि आम्ही त्या दिवशी कसे जेवलो ते विचारू नका.

महिन्याभराने आम्ही पुन्हा कळवणला गेलो. साडूंनी तोच वापरलेला आठवडा घ्यायचं ठरवलं होतं. गणपतीच्या वर्षी वाया गेला तर जाऊ दे, म्हणाले. निम्मा तरी आपला. मास्तरांनी कागद पुढे केले, पण हातातून सोडले नाहीत. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "सगळी अडचण सांगितली तुम्हाला. तरी का घेताय?"

जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या माणसाला हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला होता.  मास्तर नुसते बघत राहिले.

"तिथे ही हसली," साडू म्हणाले. "चौतीस वर्षांत आमच्या घरात मी तसं हसू ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, तिचा स्वभावच शांत आहे."

मास्तरांनी कागद सोडले. साडूंनी सही केली, आणि मग सवयीने तो कागद खिडकीच्या उजेडाला धरला. त्यात तपासायला काही नव्हतं, तरी बराच वेळ धरून बसले. आम्ही कुणी घाई केली नाही.