ताईच्या वाट्याच्या गोळ्या

रंगाऱ्याला उंचीची भीती कधी वाटलीच नाही. हात भिंतीवर आणि तोंड खालच्या रस्त्यावर, अशी त्याची कामाची पद्धत. परांचीवर उभ्या उभ्या तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करायचा, कुणाच्या छत्रीवर रंगाचा थेंब पडला तर वरूनच माफी मागायचा, आणि रंग मात्र असा लावायचा की भिंतीवर ब्रशची एक रेघ दिसू नये. एका शाळेची बाहेरची भिंत रंगवताना परांचीची दोरी सुटली आणि तो पाठीवर पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी दुखण्यावर एक जालीम गोळी लिहून दिली आणि बजावलं, "सोसवेना झालं तरच घ्यायची. आणि महिनाभरात बंद."

पहिल्या गोळीनं पाठ शांत झाली, आणि पाठीबरोबर आणखीही बरंच काही शांत झालं. पुन्हा चढता येईल का, कामं दुसऱ्याकडे जातील का, बायको कपड्यांच्या कारखान्यात एकटी किती राबणार, ही डोक्यातली किटकिट शेजारच्या घरातल्या रेडिओइतकी बारीक झाली. त्याला वाटलं, देवानं असं काही आधीच का नाही पाठवलं?

महिना संपला, दुखणंही बरंचसं संपलं. गोळी संपली नाही. एक दिवस न घेता राहून पाहिलं, तर नाक गळायला लागलं, अंगावर काटा उभा राहिला, पाय आपोआप झटके मारू लागले आणि पाठ अशी ठणकली की जणू कालच पडला होता. त्यानं मनाशी म्हटलं, पाठ अजून कच्ची आहे. खरं म्हणजे ते दुखणं पाठीचं नव्हतं, गोळीचं होतं. पण हे त्याला फार उशिरा कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला तेव्हा तो दुसऱ्याकडे गेला. मग दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे. त्यांनी खरंच दाढ काढली, चांगली धडधाकट दाढ. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, किडली होती. ती म्हणाली, "बरं झालं बाई, काढून टाकली ते." ती किती सहज विश्वास ठेवते, हे पाहून त्याला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं तेही होईनासं झालं. हळूहळू सगळेच डॉक्टर त्याला ओळखायला लागले आणि दारं बंद झाली. नेमकी त्याच सुमाराला ताई राहायला आली.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा रंगारी रांगत होता, तेव्हापासून त्याला वाढवलं ते ताईनं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिची नोकरी. आवाज इतका गोड की चुकीचा नंबर जोडला गेला तरी लोक रागवायचे नाहीत. लहानपणी तो गुटगुटीत होता म्हणून ती त्याला 'ढब्या' म्हणायची; पुढं तो वाळून काटकुळा झाला तरी ढब्याच राहिला. एकदा शाळेत मास्तरांनी त्याला उगाच झोडपलं. ताई ऑफिसातून तशीच शाळेत गेली, हात जोडले आणि म्हणाली, "मास्तर, पुढच्या वेळी मला बोलवा. मला याला जास्त चांगलं मारता येतं." मास्तरांनी पुन्हा त्याच्या वाटेला जायची हिंमत केली नाही.

आता ताईला कॅन्सर होता आणि तो हाडांत उतरला होता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. रंगाऱ्याची बायको स्वतः जाऊन तिला घेऊन आली. "वन्सं, आतली खोली तुमची. आणि 'कशाला उगीच तुम्हाला त्रास' असं एकदा जरी म्हणालात, तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

ताईबरोबर तिच्या गोळ्याही आल्या. रंगारी ज्यांच्यासाठी दारोदार फिरत होता, त्याच जातीच्या. बायको दर आठवड्याला पाकिटातून काढून त्या दर वाराला एक खण असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवायची, म्हणजे कामावरून यायला उशीर झाला तरी ताईला हाताशी सापडाव्यात.

पहिल्यांदा त्यानं एकच उचलली. तिच्या जागी कॅल्शियमची ठेवली. तीही पांढरी, तेवढीच गोल. शेजारी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. 'एका गोळीनं काय होतंय?' तो मनाशी म्हणाला. मग म्हणाला, 'तिला एवढ्या लागतात कुठं, डॉक्टर उगाच जास्त लिहितात.' मग मनाशी काही म्हणायचं त्यानं सोडूनच दिलं. काही आठवड्यांत डबीत एकही खरी गोळी उरेनाशी झाली.

ताई कण्हायला लागली. तिला कण्हण्याची लाज वाटायची, म्हणून ती टॉवेलचं टोक दातांत धरायची. बाहेरच्या खोलीत रंगारी टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"अहो, वन्संचं दुखणं वाढलंय हो," बायको म्हणायची.

"आजारच तसा आहे," तो म्हणायचा.

कधी कधी तो आत जाऊन ताईचे पाय चेपत बसायचा. तिची गोळी त्याच्या पोटात, त्यामुळं हात कसे अगदी स्थिर. ताई डोळे मिटून म्हणायची, "ढब्या, तुझा हात लागला की बरं वाटतं रे." तो मान खाली घालून चेपत राहायचा. त्या वेळी आपल्याला काय वाटत होतं, हे पुढं त्याला कितीदा विचारलं गेलं. त्याचं खरं उत्तर एवढंच होतं की काही वाटत नव्हतं. गोळी काही वाटूच देत नव्हती.

एक दिवस ताईला अगदीच सोसवेना, तेव्हा बायको तिला सकाळीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पाहिलं की एवढ्या गोळ्या घेऊनही आराम नाही; त्यांनी मात्रा बरीच वाढवली. तिथल्याच बाकावर बायकोनं नव्या पाकिटातून ताईला पहिला डोस दिला आणि घरी आल्यावर जेवणानंतर दुसरा.

दुपारी रंगारी डुलकी काढून उठला, तर बायको हसतमुखानं म्हणाली, "हळू बोला. किती दिवसांनी वन्सं शांत झोपल्यात."

तो दारातून डोकावला. ताईचा श्वास आला, आणि मग पुष्कळ वेळ आलाच नाही. पुन्हा एक आला. ओठ जांभळट झाले होते.

"गोळी कुठली दिलीस? डबीतली?"

"नाही, पाकिटातली. का हो?"

मात्रा ठरली होती अंगाला सवय झालेल्या बाईसाठी. आणि ताईच्या पोटात कित्येक दिवसांत कॅल्शियमशिवाय काही गेलंच नव्हतं.

ॲम्ब्युलन्समध्ये तो ताईचे श्वास मोजत राहिला. तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाईंनी ताईला ऑक्सिजन लावला, कागद चाळले, बायकोला विचारलं, "या गोळ्या कधीपासून चालू आहेत?"

"बरेच महिने झाले. एक दिवस चुकवला नाही हो, मी स्वतः भरून ठेवते."

"मग गोळीमुळं एवढं होऊ नये," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "आजार मेंदूपर्यंत गेला असावा. तसं असेल तर शेवट जवळ आलाय. नळ्या घालून त्यांचे हाल करायचे की शांतपणे जाऊ द्यायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवा."

बायकोनं पदर तोंडाला लावला. रंगारी भिंतीला टेकून उभा होता. तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. बहीण आजारानं गेली, असंच सगळे म्हणाले असते. शेजारी सांत्वनाला आले असते आणि त्यानं त्यांच्यापुढं डोळे पुसले असते. हे सगळं त्यानं तिथं उभ्या उभ्या खरंच मनात आणलं. पुढं त्याला सगळ्यात जास्त छळलं ते चोरीनं नाही, त्या काही क्षणांनी.

"आजार नाही हा," तो म्हणाला. "गोळीच आहे. तिला सवय नाही. तिनं इतके दिवस घेतल्याच नाहीत. तिच्या गोळ्या मी खाल्ल्या. डबीत दुसऱ्या ठेवल्या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईची पापणी उघडून बाहुली बघितली, नर्सला गोळीचा असर उतरवणाऱ्या इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि ओरडल्या, "पळ!" इंजेक्शन गेलं. थोड्याच वेळात ताईनं बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि वेदनेनं किंचाळली. तिची ती किंचाळी ऐकून रंगारी बाहेरच्या फरशीवर बसला तो उठेचना.

बायको बाहेर आली. तो वाट बघत होता की ती बोलेल, मारेल, काहीतरी करेल. ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातानं भरलेली डबी होती हो ती." आणि आत निघून गेली.

त्याच दवाखान्यात व्यसन सोडवणारा एक विभाग होता. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याला तिथं नेऊन सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदम बंद करायचं धाडस घरी करू नका, अंगाचे हाल होतात आणि माणूस परत गोळीकडेच पळतो. हाल व्हायचे तेवढे झालेच. जांभयांवर जांभया, घाम, उलट्या, हाडांत कुणी किसणी फिरवावी तसं वाटायचं. मग त्यांनी जिभेखाली ठेवायची दुसरी गोळी सुरू केली. ती रोज नर्ससमोर घ्यायची.

"गोळी सोडायला गोळीच?" तो कुरकुरला. "ही तर आगीतून फुफाट्यात उडी."

नर्स मुरलेली होती. "तुम्ही परांचीवरून एकदा धाडकन खाली आला होतात ना? आता शिडीनं उतरा," ती म्हणाली. "सावकाश उतरायचं. आणि पाठीसाठी व्यायाम करायचा, तो चुकवलात तर मी आहेच."

दर आठवड्याला तिथं गोलात बसून बोलायचं असे. रंगाऱ्याला वाटलं होतं, गटारात लोळणारी माणसं असतील. होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचं अर्धशिशीच्या गोळ्यांनी सुरू झालेलं. आणि एक टॅक्सीवाला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. सगळ्यांची सुरुवात खऱ्या दुखण्यानं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीनंच झाली होती. रंगारी पाठीबद्दल बोलायचा, दाढेबद्दल बोलायचा, लोक हसायचेही. ताईबद्दल बोलायला त्याला फार दिवस लागले. बोलला तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे आम्हाला सांगितलंत. त्यांना सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. बायकोनंही सांगितलं नव्हतं. "ते तुमचं तुम्ही सांगा," ती म्हणाली होती.

तो घरी आला, आतल्या खोलीत खुर्ची ओढून बसला आणि सांगितलं. ताईला आता योग्य मात्रा मिळत होती; चेहऱ्यावर जरा रंग आला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दवाखान्यातल्या बाया सांगायच्या, या गोळीनं किती आराम पडतो म्हणून," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच नाटकी. मीच नाजूक. तुझ्या बायकोला त्रास देतेय उगाच. मी स्वतःलाच शिव्या घालायची रे, टॉवेल चावत."

"ताई..."

"माफ केलं म्हणू का? म्हणते. भाऊ आहेस. पण दुखलं ते दुखलंच, ढब्या. ते काही परत जाऊन न दुखल्यासारखं होत नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता जा बाहेर."

पुढं बरेच दिवस तिनं त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही. गोळ्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे असत. बायको वेळेला जाऊन आणी. रंगारी दारात उभा राहून ताईला काय हवं-नको विचारायचा आणि ती म्हणायची, "काही नको." एकदा अशीच ती म्हणाली, "काही नको," आणि मग, "पाय गार पडलेत." तो आत गेला आणि चेपत बसला. तिनं डोळे मिटले, पण बरं वाटतं असं म्हणाली नाही. त्यानंही वाट बघितली नाही.

मधे एकदा तो घसरलाही. कामं पुन्हा सुरू झाल्यावर एका घरात न्हाणीघर रंगवताना आरशामागच्या कपाटात त्याला तसल्याच गोळ्यांची पट्टी दिसली. काही कळायच्या आत एक गोळी तोंडात होती. दुसऱ्या दिवशी त्यानं नर्सला सांगितलं, गोलात सांगितलं आणि संध्याकाळी बायकोलाही सांगितलं. तेव्हापासून काम घेताना तो घरमालकाला आधीच सांगतो, "घरात दुखण्याच्या गोळ्या असतील तर कुलपात ठेवा. मला सवय होती." ऐकून काही लोक दार लावून घेतात. काही लोक अवघडून हसतात आणि कपाट रिकामं करतात. एका म्हाताऱ्या बाईंनी तर विचारलं, "अहो, पण माझ्या मुलाचं काय करू? तोही असंच करतो." त्या दिवशी भिंत अर्धीच रंगली. तो त्यांना घेऊन दवाखान्यात गेला.

ताई पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. शेवटचे दिवस ती बहुतेक झोपूनच होती. ती गेल्यावर तिला बघायला घरी येणाऱ्या नर्सला रंगाऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, "शेवटी दुखत होतं का तिला?"

"नाही," नर्स म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. गोळ्या वेळेवर पोचत होत्या."

ती सहज बोलून गेली. आपण काय बोललो, हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत करायच्या होत्या. बायको पिशवी घेऊन निघाली तेव्हा तो चपला घालून उभा राहिला.

"मीही येतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पिशवी मी धरणार आहे."

"धर की."

पिशवी तिनं त्याच्यापासून लांबच्या, आपल्या दुसऱ्या हातात घेतली, आणि दोघं जिना उतरून रस्त्याला लागली.