शून्य ते चार

माझा राग नाकावर. त्यात बावीस वर्षं पहूरच्या शाळेत मास्तरकी केलेली, चुकीचं उत्तर दिसलं की हात शिवशिवतो. मुलगी अकरावीत होती. दिवाळीनंतर तिने कॉलेजला जाणंच सोडलं. आंघोळ नाही, जेवण नाही, मेहरूणच्या आमच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी ओरडायची. पोर सगळं मनात दाबते हे सासूबाईंनी मात्र ओळखलं. म्हणाल्या, "पोर बठ्ठं मनमा ठेवस. डाक्टरले दखाडा." शेवटी मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला चार पानी फॉर्म दिला. पंचवीस वाक्यं होती. 'माझं काहीच धड होत नाही.' 'एक चूक झाली म्हणजे सगळं संपलं.' 'लोक मला हसतात.' असा विचार किती वेळा येतो, तो आकडा शून्य ते चार असा पुढे लिहायचा. आकडे जितके मोठे तितकं दुखणं खोल, पुढचे उपचार त्यावरून ठरवू, असं बाईंनी नीट समजावलं होतं.

मी बाकावर तिला खेटूनच बसले. तिने पहिल्या तिन्ही वाक्यांपुढे चार लिहिले. समोर माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे आईवडील बसलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ह्यातच मी वाढलेली. तिच्या कानाशी म्हटलं, "कोण हसतं गं तुला? काहीही काय लिहितेस. खोड ते." तिने खोडलं. "आणि काहीच धड होत नाही? मग दहावीला नव्वद टक्के काय शेजारणीला पडले?" तेही खोडलं. पुढचे आकडे मग ती माझ्याकडे बघूनच लिहायला लागली, सगळे लहान. खोडरबर मीच पर्समधून काढून दिलं होतं.

शेवटच्या पानावर वाक्य होतं, 'मी नसते तर घरचे सुखी झाले असते.' तिथे तिची पेन्सिल थांबली. मी चटकन म्हटलं, "शून्य." तिने शून्य लिहिलं.

बाईंनी बेरीज केली. फार काळजीचं दिसत नाही, दोन महिन्यांनी या, म्हणाल्या. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं होतं.

दीड महिन्यातच तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. का, ते माझ्याच्याने लिहवत नाही. वाचली.

ती जरा सावरल्यावर मी बाईंपुढे रडत सगळं कबूल केलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. दिला असता शाप तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिला तोच फॉर्म पुन्हा दिला. अर्ध्या तासाने आत बोलावलं. पंचवीसही वाक्यांपुढे शून्य होतं.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "बाळा, मी तर बाहेर होते. आता तरी खरं लिहायचं."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"मग किती लिहू, ते तू सांग ना."