विमलआत्याचा फोन मी बंद केला

ज्या फोनवर यापुढे कुणीच उत्तर देणार नाही, तो चालू ठेवणं जास्त क्रूर की बंद करणं? लगेच उत्तर देऊ नका. मला पाच आठवडे लागले, आणि मी दिलेलं उत्तर बरोबर आहे असं आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आत्या गेल्याची बातमी त्या फोनवर नाही, माझ्या मोबाइलवर आली. साताऱ्यात मी एका छापखान्यात प्रूफं तपासते. सकाळचे अकरा वाजले असतील, समोर लग्नपत्रिका होती. सांगलीहून तिच्या शेजारच्या राजमतीकाकू बोलत होत्या. "शीतल, विमल गेली गं. झोपेतच गेली म्हणाली नर्स. ये तू, पण घाईघाईत गाडीबिडी चालवत येऊ नको." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पत्रिकेची उरलेली तीन प्रूफं वाचून संपवली. एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली. मग उठले. असं का केलं ते मला माहीत नाही... कदाचित तीच ओरडली असती, कागद अर्धा टाकून आलीस म्हणून.

विमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्यानं तिला सांगलीच्या स्टँडवर आणून सोडलं आणि तो पुढच्या गाडीनं परत गेला. ती मागे गेली नाही. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, दारावर 'शिलाई क्लास' अशी पाटी लावली आणि आयुष्यभर ब्लाऊज शिवले. वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून पहिलीपासून मी तिच्याकडे. इतर मुलांना गोष्टींची पुस्तकं मिळत. मला पत्रकं मिळाली. पिवळ्या, हलक्या कागदावरची ती पत्रकं ती स्वतः लिहायची आणि मी घड्या घालायचे. 'मार खाणं हे बाईचं काम नाही' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. शाळेत बाईंनी मोठ्यानं वाचायला सांगितलं तेव्हा मी तेच म्हणून दाखवलं आणि वर्गाबाहेर उभी राहिले. आत्या त्यावर आठवडाभर हसत होती.

तिची संस्था नव्हती, शिक्का नव्हता, फलक नव्हता. पत्रकाच्या तळाशी एक ओळ असे, 'बोलायचं असेल तर फोन करा', आणि पुढे घरच्या फोनचा नंबर. एवढंच. पत्रकं पिठाच्या गिरण्यांवर, रेशन दुकानांवर, एसटी स्टँडवरच्या बायकांच्या संडासात चिकटवायची आणि जत्रांमध्ये वाटायची. बाया कागद घरी नेत नसत, नंबर पाठ करून नेत. फोन शिलाई मशीनच्या उजव्या हाताला होता, विटकरी रंगाचा, जड, गुंडाळलेल्या वायरीचा. बायका दुपारी बोलायच्या, पुरुष रानात किंवा कामावर गेले की. आत्या मशीनचं चाक हातानं थांबवायची आणि म्हणायची, "हं, बोला." नाव नाही, गाव नाही. समोरून पुरुषाच्या आवाजात "कुणाचा नंबर हाय ह्यो?" असं कुणी दरडावलं, की ती त्याच सुरात सांगायची, "शिलाईचा क्लास हाय. बाईंचा ब्लाऊज तयार हाय, शनिवारी न्या म्हणावं." एकदा एकानं खरंच शनिवारी येऊन विचारलं. आत्यानं त्याच्या खांद्याकडं बघत अंदाजानं एक ब्लाऊज काढून दिला. "बसला न्हाई तर उसवून देते म्हणावं, आणि तिलाच पाठवा, माप तुमचं घेऊन काय करू?" तो चक्क लाजला. आठवड्यानं बाई ब्लाऊज उसवायला आली आणि दोन तास बसली.

तिचे नियम तीन होते. नाव विचारायचं नाही. काही लिहून ठेवायचं नाही. आणि उलटा फोन कधीच करायचा नाही. फोन कट झाला तर झाला, ती पुन्हा करील. नंबर दाखवणारी फोनची डबी आली तेव्हा लाइनमननं ती बसवून देतो म्हटलं. "नको," म्हणाली. "नंबर दिसला की हात शिवशिवतो." आम्ही जैन, आमच्यात दिवेलागणीआधी जेवण. तिचं ताट वाढलेलं असायचं, ऊन उतरत चाललेलं असायचं आणि फोनवर कुणीतरी रडत असायचं. कितीदा तिनं ताट तसंच झाकून ठेवलं आणि उपाशी झोपली, हे मी पाहिलंय. पर्युषणात ती मौन धरायची. फोन वाजला की मोडायची, ठेवला की पुन्हा धरायची. राजमतीकाकू म्हणायच्या, "असलं कसलं गं मौन तुझं?" ती बोटानं फोनकडे दाखवायची आणि ओठांवर बोट ठेवायची.

या सगळ्या आवाजांत एक आवाज औंधकडचा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी, बांगड्यांच्या दुकानातून यायचा. यमाईच्या जत्रेत तिला पत्रक मिळालं होतं, बस्स, आम्हाला एवढंच माहीत. पहिल्या वेळी ती वीस मिनिटं बोलली. पुढे बोलणं आटत गेलं, कारण सांगण्यासारखं काही बदलत नव्हतं. शेवटी उरले दोनच शब्द. "हाय मी." आत्या म्हणायची, "बरं झालं." फोन बंद. अकरा वर्षं. मी कॉलेजात असताना भडकून विचारलं होतं, यानं काय होतं? घराबाहेर काढ तिला, तक्रार करू, मोर्चा नेऊ. आत्या सुईत दोरा ओवत होती. "निघायचं कवा, ते ती ठरवंल. तवर ती हाय हे कुणाला तरी ठावं असाया पायजे का नगो?"

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा आत्याची लाज वाटायची. जग बदलायला निघालेली बाई आणि हातात वायरीचा फोन. साताऱ्याला कामाला लागल्यावर मी नवं पत्रक स्वतः लिहिलं, स्वतः छापलं, आणि तिला न विचारता तळाशी लँडलाइनच्या शेजारी एका नव्या मोबाइलचा नंबर टाकला. "अगं, आता आडगावातसुद्धा मोबाइल आहे, लँडलाइनवर कोण करतंय?" ती म्हणाली, "मोबाइल माझ्यासंगं हिंडतो. आज हितं, उद्या तिथं. ह्यो एका जागी असतो." मी हसले. मोबाइल मीच ठेवून घेतला, तू शिवण कर, मी बघते म्हणाले.

एका दुपारी त्यावर मिस्ड कॉल आला. मी उलटा फोन केला. होय, उलटा फोन. पुरुषानं उचलला. त्याच्या स्क्रीनवर, फोन कुणाचा ते दाखवणाऱ्या त्या अ‍ॅपमुळे, नाव आधीच आलं होतं. कुणीतरी आमचा नंबर 'बायका फितवणारी सांगली' म्हणून साठवला होता, तो त्यानंच वाचून दाखवला. "कोण गं तू?" असं त्यानं विचारलं, आणि ब्लाऊज तयार आहे हे एवढं साधं वाक्य मला सुचलं नाही. मी त्याला भाषण दिलं. कायद्याचं कलम सांगितलं, तुरुंग सांगितला. मला वाटलं मी लढतेय. तो शांतपणे म्हणाला, "बरं. तिच्यासंगं बोलतो मी." आणि ठेवला.

पुढच्या बाजारी औंधचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आत्या त्या दिवसांत मशीन बंद ठेवून फोनजवळ बसून राहायची. सातव्या आठवड्यात फोन वाजला तेव्हा योगायोगानं मी तिथे होते; आत्यानं रिसीव्हर दोघींच्या कानांमध्ये धरला. आवाज जाड झाला होता, ओठ सुजल्यासारखा. "हाय मी. त्या दुसऱ्याला करत न्हाई आता. ह्योच ठिवा, आवं, ह्यो बंद करू नगा." आत्या म्हणाली, "न्हाई करत." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "चुकलं आमचं." मी उरलेली सगळी पत्रकं फाडली. जी चिकटवली होती त्यांवरचा मोबाइल नंबर खोडत दोन रविवार फिरले. लँडलाइनचा तसाच ठेवला.

यंदा आत्याची किडनी गेली. ती दवाखान्यात दाखल झाली त्याच आठवड्यात गल्लीत रस्ता खोदला आणि फोनची तार तुटली. मी टेलिफोन ऑफिसात अर्ज दिला. तिथला माणूस भला होता, म्हणाला, "ताई, जुन्या तारा आता कोण जोडत नाही फारसं, पण बघतो." दवाखान्यात आत्या दर वेळी विचारायची, "लाइन आली का?" शेवटच्या भेटीत मी म्हटलं, "आली." "मग उचलतंय कोण?" "मी उचलते. रजा टाकलीय." तिनं डोळे मिटले. "तिचा आला?" मी म्हटलं, "आला. हाय मी म्हणाली." ... पत्रकांवर वाढलेली मी, एक शब्द खोटा छापायचा नाही हे जिच्याकडून शिकले, तिच्याशी शेवटचं बोलले ते सगळं खोटं होतं. ती म्हणाली, "बरं झालं." चार दिवसांनी गेली.

लाइन तेराव्यानंतर आली. मी रजा घेतली, या वेळी खरी. पहिला बाजार, काही नाही. दुसऱ्या बाजारी दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. मी चाकावर हात ठेवल्यासारखी थांबले आणि आत्यासारखंच म्हटलं, "हं, बोला." पलीकडे बाजाराचा गलका होता. श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "मावशी, मी त्यांची भाची. बोला ना, त्यांना..." फोन कट झाला. तिच्या घरात एकदा परका आवाज पोचल्यावर तिनं काय भोगलं होतं ते मला माहीत होतं. तो परका आवाज माझाच होता. त्या दिवशी ती नवऱ्याशेजारीच असेल, तर ओळखला असेल का तिनं? तिसऱ्या बाजारी वाजला नाही. चौथ्या बाजाराला मी औंधला गेले. बांगड्यांच्या दुकानातल्या चाचीनं मला आधी डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या, मग माझं ऐकून घेतलं. "बेटी, लय बायका माझ्या फोनवरनं बोलत्यात. कुणाची म्हणून सांगू? एक हुती, उभ्यानंच बोलायची, दोन शब्द. आता दोन बाजार झालं, दिसली न्हाई." मी नाव विचारलं. चाचीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बघितलं. "कधी विचारलं न्हाई," ती म्हणाली.

म्हणजे आता उरलं हे. नाव नाही, गाव नाही, आणि ती आहे की नाही हे कळण्याचा एकमेव रस्ता म्हणजे एका रिकाम्या खोलीतला फोन. खोलीच्या मालकांना खोली हवी आहे, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. नंबर सांगलीचा, तो साताऱ्याला नेता येत नाही. मोबाइलवर वळवून घ्या, असं ऑफिसातल्या त्या भल्या माणसानं सुचवलं. मी छापखान्यात, रस्त्यात, गाडीत तो उचलणार, कधी उचलणार नाही... आणि मग उलटा फोन करायला माझा हात शिवशिवणार. राजमतीकाकू म्हणाल्या, "माझ्या घरात घेते गं, पण माझ्या ह्यांनी उचलला तर?" सरकारी नंबर आहेत की, असं मला मित्र सांगतात. आहेत, आणि ते हवेतच. पण स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायला अकरा वर्षं न पुरलेल्या बाईनं तोवर कुणाला सांगायचं, की मी आहे? मी सांगलीला राहायला जाऊ शकले असते. नोकरी सोडून, त्या मशीनपाशी. मी गेले नाही. जगाला जाब विचारणारी पत्रकं लिहिणं मला येतं, एका जागी बसणं येत नाही. हे कबूल करायला मला लाज वाटते, म्हणूनच इथे छापून देते आहे.

वाजत राहणारा फोन बाईला सांगतो, की इथे कुणीतरी आहे, उद्या पुन्हा कर. ते खोटं आहे. एक खोटं मी आत्याला सांगितलं, हे दुसरं सांगायचं नव्हतं. गेल्या सोमवारी मी अर्ज दिला. संध्याकाळपर्यंत त्या नंबरावर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं एक बाई दोन भाषांत सांगू लागली.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या गावात गिरणीच्या दारावर, रेशन दुकानाच्या खांबावर, स्टँडवरच्या बायकांच्या संडासात आमचं पिवळं पत्रक अजून असेल. विटलेलं असेल, पण आत्याची खळ चिवट होती. ते फाडू नका, वर लिहिलेलं सगळं अजून खरं आहे. फक्त तळाचा नंबर खोडा. एकही आकडा वाचता येणार नाही असा, नीट, दाबून खोडा. आणि त्या जागी आपला नंबर लिहावा असं मनात आलं, तर पेन टेकवण्याआधी थांबा. दर बाजारी, भर दुपारी, हातातलं काम सोडून, दोन शब्दांसाठी, वर्षानुवर्षं तुम्ही तो उचलणार असाल, तरच लिहा. नसाल, तर जागा कोरी ठेवा.