पुलावरची दोन मिनिटं

"ताई, साहेब गेले... चहा टेबलावरच राहिला," लोरेन्झसाहेबांकडच्या स्वयंपाकाच्या बाई फोनवर म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. मला रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पायदळात कॅप्टन असलेले लोरेन्झ पुण्यात आले ते एका कारखान्यात यंत्रांचे जाणकार म्हणून, आणि विश्रांतवाडीतल्या एका बंगलीत कायमचे राहिले. मी त्यांच्याकडे जर्मन शिकायला जायची. साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस, तीनदा जखमी होऊन कॅप्टनपदापर्यंत चढला. रशियातल्या एका नदीवरचा पूल ऐन वेळी उडवून शत्रूला अडवलं, म्हणून शौर्यपदक मिळालं. आमच्या कॉलनीत त्यांनी ही हकीकत इंग्रजीतून सांगितली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. "ह्याला म्हणतात शिस्त!" माझे वडील म्हणाले. शिस्त दुसऱ्याची असली की आम्हा पुणेकरांना फार आवडते.

पुढे साहेबांचा हात कापू लागला आणि त्यांची पत्रं मी लिहू लागले. दर नाताळात जर्मनीहून एका बाईंचं पत्र यायचं. त्यांचा नवरा एर्न्स्ट, मूळचा शाळामास्तर, साहेबांच्या तुकडीत होता आणि त्या पुलाशीच मारला गेला. त्याला वीरमरण आलं, असं साहेबांनी तेव्हा कळवलं होतं. बाई त्याबद्दल अजून आभार मानत होत्या. साहेब सांगायचे आणि मी सुरेख अक्षरात लिहायची, 'तुमचे पती माझ्या तुकडीतले सर्वांत धीराचे...' अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी मी सहज विचारलं, "गोळी कुठून आली होती?"

"माझ्या पिस्तुलातून."

व्याकरण शिकवायचे त्याच सुरात त्यांनी पुढचं सांगितलं. पुलावर पळून येणारे गावकरी होते, बायका होत्या, पोरं होती, आणि त्यांच्या मागे रणगाडे. स्फोटाची कळ एर्न्स्टच्या हाताखाली होती. तो म्हणाला, "दोन मिनिटं द्या, साहेब. माणसं उतरू देत." यांनी त्याला तिथंच गोळी घातली आणि कळ स्वतः दाबली.

"आणि तुम्हाला झोप लागते?" मी विचारलं.

"उत्तम. तारीख घाल, सुरुवात कर."

उठून जाता आलं असतं... गेले नाही. तारीख घातली. धीराचे, हा शब्दही लिहिला. त्या वर्षी लिहिला, आणि पुढची चार वर्षंही.

साहेब गेल्याचं बाईंना मीच कळवलं. परवा उत्तर आलं. बाई आता नव्वदीच्या घरात आहेत, ओळी तिरक्या जातात. 'माझ्या एर्न्स्टला शेवटचं पाहणारे तेच होते. त्यांचा एक फोटो पाठवाल का? दोघांना शेजारी शेजारी ठेवीन.'

मी पाठवला. आणि हे सगळं इथं मराठीत लिहिते आहे, कारण त्या बाईंना मराठी येत नाही.