हार घातलेला फोटो

मंडळी, आज दुपारी लेकीच्या हट्टापायी थीम पार्कमधल्या हॉन्टेड हाऊसमध्ये गेलो. सांगाडे, रक्त, अमेरिकन थाटाच्या किंकाळ्या... नऊ वर्षांची इरा नुसती हसत होती.

शेवटच्या खोलीत भिंतीवर फक्त एका म्हाताऱ्याचा फोटो होता. त्याला हार घातलेला. तिथे मात्र तिने माझा हात घट्ट धरला.

घरी आल्यापासून ती हॉलमध्ये पाय ठेवत नाहीये. तिथे माझ्या बाबांचा हार घातलेला फोटो आहे. याच आजोबांच्या मांडीवर बसून ती वरणभात खायची.

“पप्पा, काढ ना तो. सेम सेम लाह!” इथल्या परदेशी शाळेत वाक्याला ‘लाह’ जोडायची सवय लागलीय तिला.

तुम्ही काय केलं असतं? मी फोटो ठेवला, हार काढला. आता बाबा जिवंत असल्यासारखे बघतायत, आणि हॉलमध्ये मलाच जाववत नाहीये.