उन्हात बंद पडणारं सोलर

रोह्यात आमचं सोलरचं ऑफिस आहे. मालक परांजपे पॅनल विकतात आणि विकल्यावर ज्या शिव्या येतात, त्या मी आणि वायरमन दिलीप खातो. शिव्या पचतात, किस्से मात्र साठत जातात.

*

कोलाडच्या एका हॉटेलवाल्याचा भर दुपारी फोन आला. लाईट गेली होती आणि सोलरही बंद पडलं होतं.

मी समजावलं, "लाईट गेली की ते आपोआप बंद होतं. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर जाऊन खांबावरच्या माणसाला शॉक बसेल."

तो म्हणाला, "म्हणजे लाईट असली की चालणार, नसली की नाय. तुमच्या साहेबांनी हे सोडून सगळं सांगितलं व्हतं."

*

पेणच्या एका गल्लीतल्या झाडून सगळ्या गणपती कारखान्यांना परांजपेंनी सोलर विकलं. आता ऊन तापलं की सगळ्यांची वीज एकदम लाईनवर जाते, व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होऊन सोलर बंद पडतं. परांजपेंनी फोनवर उपाय सांगितला, "दुपारी वीज जास्त वापरा."

एका कारखानदाराने लगेच सगळे पंखे फुल्ल सोडले. डोळ्यांची आखणी करणारी बाई ब्रश धरून थांबली आणि शेजारणीला म्हणाली, "पंखा बंद कर गो, देवाचा डोळा कानाकडं चाललाय."

कारखानदार आतून ओरडला, "हात लावू नका! पंखा बंद केला तर सोलर बंद पडेल."

*

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातूनही अशाच तक्रारी गेल्या, तेव्हा वीज कंपनीने ट्रान्सफॉर्मरवरूनच व्होल्टेज उतरवलं. दुपारचा त्रास मिटला. संध्याकाळी मात्र ऊन गेल्यावर व्होल्टेज फारच पडलं आणि एका मास्तरांच्या घरची ट्यूब नुसती फडफडायला लागली.

दिलीप त्यांना म्हणाला, "दुपारी बघा, व्होल्टेज एकदम बरोबर असतं."

"असेल," मास्तर म्हणाले, "पण दुपारी मी ट्यूब लावत नाही."

*

जिते गावात लताबाईंची पिठाची गिरणी आहे. शेजारच्या पोल्ट्रीवर आम्ही मोठं सोलर बसवलं, आणि एका कडक उन्हाच्या दुपारी व्होल्टेज चढून गिरणीची मोटर जळाली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका तशाच परत जाऊ लागल्या.

लताबाईंनी तक्रार केली. परांजपे म्हणाले, लाईन कमजोर आहे. वीज कंपनीचे साहेब म्हणाले, तुमचा इन्व्हर्टर खराब आहे. शेवटी दोघं मिळून व्होल्टेज मोजायला आले. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. मीटरवरचा आकडा पुस्तकात छापावा असा.

मी म्हटलं, "ऊन पडेपर्यंत थांबू या ना." परांजपेंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी गिळलं.

'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहून दोघांनी सह्या ठोकल्या आणि कागद लताबाईंपुढे सरकवला. त्यांनी तो नीट वाचला, मग वर आभाळाकडे पाहिलं.

"मी करते सही. पण आधी त्या ढगाची घ्या, साहेब. काम सगळं त्यानंच केलंन."