टायर जागच्या जागी

काकांनी माझ्या टेबलावर नेलपॉलिशची बाटली ठेवली आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "वैशाली, चल बाहेर. तुमचं काम दाखवतो तुला."

बाटली काकूंची होती, गडद लाल. काका म्हणजे आमच्या विजय नगरातले पांढरीपांडे काका. सगळी नोकरी रांझीच्या बाजूला, फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन खात्यात झाली. दुसऱ्याचं काम तपासायचा पगार आयुष्यभर घेतलेला माणूस रिटायर झाला म्हणून तपासायचं थांबत नाही. मग तो भाजीवाल्याचा काटा तपासतो, पेपरवाल्याची वेळ तपासतो. या वेळी त्यांनी मला तपासलं होतं.

मी एका कार डीलरशिपच्या वर्कशॉपची सर्व्हिस मॅनेजर आहे. फोन उचलला की अजूनही पलीकडून "सर को दीजिए" येतं. त्याचं मला आता काही वाटत नाही. पण काकांची गोष्ट वेगळी होती. त्यांची गाडी आमच्याकडे आली ती माझ्या शब्दावर. आधी ते रांझीतल्या टायरवाल्याकडे जायचे आणि काम संपेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. गणपतीच्या पंक्तीत मीच त्यांना म्हटलं होतं, काका, आमच्याकडे उभं राहावं लागत नाही, गाडी द्या आणि घरी जाऊन झोपा. त्यांनी ऐकलं. आणि सर्व्हिस होऊन गाडी घरी गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते ही बाटली घेऊन हजर.

बाहेर गाडीजवळ नेऊन त्यांनी एकेक टायर दाखवला. पुढच्या डाव्या टायरवर आतल्या बाजूने लाल ठिपका, एक. पुढच्या उजव्यावर दोन, मागच्या डाव्यावर तीन, मागच्या उजव्यावर चार. गाडी आमच्याकडे पाठवायच्या आधी त्यांनी स्वतः खाली वाकून लावलेले. बिलावर लिहिलं होतं, टायर रोटेशन केलं. ठिपके मात्र जागच्या जागी.

रोटेशन म्हणजे काय, ते सांगते. काकांच्या गाडीसारख्या गाडीत पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा जास्त भारही घेतात. म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. दर काही हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे लावले, की चारही सारखे झिजतात आणि जास्त टिकतात. काम साधं आहे. पण ग्राहकाला त्यातलं काहीच दिसत नाही. टायर चारही काळे, चारही गोल. केलं म्हटलं तर केलं, नाही म्हटलं तर नाही. आमच्या धंद्यात फसवायला याहून सोपं काम नसेल, हे मलाही माहीत आहे आणि काकांनाही माहीत होतं.

मी विचारलं, "काका, ठिपके लावले ते गाडी देताना काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मग इन्स्पेक्शन काय राहिलं?"

हे सगळं बाहेरच मिटलं असतं तर बरं होतं. पण काका रिसेप्शनमध्ये आले आणि त्यांच्या फॅक्टरीच्या आवाजात पुन्हा सगळं बोलले. सोफ्यावर बसलेल्या दोन ग्राहकांनी आपापली बिलं काढून वाचायला घेतली. आमचे जनरल मॅनेजर तिवारी सर काचेमागून बघत होते. त्यांनी मला आत बोलावलं. त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. पैसे परत करायचे, माफी मागायची, आणि ज्याने काम केलं नाही त्याला आजच काढायचं, म्हणजे ग्राहकाला दिसेल की आम्ही काही केलं. मी म्हटलं, आधी मला बघू द्या. लंचपर्यंत बघा, ते म्हणाले.

काम दिलीपकडे होतं. आठ वर्षं माझ्या हाताखाली आहे. बायको शिवण करते, दोन मुली शाळेत आहेत, आणि त्याला काढलं असतं तर शहरातल्या दुसऱ्या कुठल्या डीलरने त्याला लगेच घेतलं नसतं, कारण अशी बातमी माणसाच्या आधी पोचते. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "किया है, मैडम." त्याच्या शेजारी आमचा सर्व्हिस ॲडव्हायझर अंकित उभा होता. ॲडव्हायझर म्हणजे ग्राहक आणि मेकॅनिक यांच्यामधला माणूस, गाडी घेतो, काम सांगतो, गाडी परत देतो. एरवी त्याचं तोंड बंद होत नाही. त्या दिवशी तो मोबाइलमध्ये बघत होता.

मला राग आला. दिलीपचा आला, कारण केलं म्हणतोस तर ठिपके काय उडून परत आले? आणि काकांचाही आला. माझ्यावर विश्वास ठेवून गाडी दिली असं म्हणायचं आणि आतून लाल खुणा करून ठेवायच्या. घरातल्या माणसाने आपल्या मागे कपाट उघडून बघावं, तसं वाटलं.

मी गाडी लिफ्टवर घेतली आणि एक चाक काढायला लावलं. काकांना म्हटलं, या, तुम्हीही बघा. चाक जिथे बसतं त्या लोखंडी तोंडाला हब म्हणतात. त्याच्यावर गंज धरतो. आमच्याकडे चाक काढलं की तो ब्रशने घासून तिथे ग्रीसचा पातळ हात द्यायचा नियम आहे. काकांच्या गाडीचा हब स्वच्छ होता आणि ग्रीस ताजं होतं. दुसरं चाक काढलं, तेच. चारही तसेच.

काकांनी बोट लावून बघितलं. चष्मा वर केला. पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"चाकं तर खोलली आहेत."

"हो."

"मग खोलून परत तिथंच काहून लावली?"

मी दिलीपकडे बघितलं. काकांनीही. दिलीप म्हणाला, "दो बार किया, साहब."

मग हळूहळू निघालं ते असं. दिलीपने रोटेशन केलं होतं, अगदी नियमाने. मग गाडी टेस्ट ड्राइव्हला नेली, तर वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. आणली तेव्हा असं काही नव्हतं. आता चाकं बॅलन्सिंग मशीनवर लावून दोष कुठे आहे ते शोधायला हवं होतं. पण मशीनवर दुसरी गाडी होती, संध्याकाळ झाली होती, काकांना सहाची वेळ दिलेली होती. अंकित म्हणाला, जैसे थे वैसे लगा दो. दिलीपने चारही चाकं पुन्हा काढली आणि जुन्या जागी लावली. थरथर गेली. गाडी धुऊन वेळेवर दिली. बिल आधीच बनलं होतं, त्यावर रोटेशन तसंच राहिलं.

म्हणजे काम झालं होतं. दोनदा झालं होतं, म्हणूनच दिसत नव्हतं.

क्षणभर मला हायसं वाटलं. माझ्या माणसाने चोरी केली नव्हती. मग काकांनी तो प्रश्न विचारला जो मीच आधी विचारायला हवा होता.

"पण मग स्टिअरिंग थरथरलं काहून?"

मी दिलीपला पुन्हा पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावायला सांगितले, काकांच्या डोळ्यांदेखत. मग मी गाडी चालवली आणि काका शेजारी बसले. बायपासला लागून साठच्या पुढे गेलो आणि स्टिअरिंग माझ्या हातात असं हलायला लागलं, जसं भांडं नीट न बसवता मिक्सर सुरू करावा. काकांनी डॅशबोर्डवर हात टेकला. परत आलो आणि मी चारही चाकं मशीनवर लावायला सांगितली.

मशीनवर चाक फिरायला लागलं तसं सगळ्यांना दिसलं. तीन ठिपक्यांचा टायर, म्हणजे आधीचा मागचा डावा, फिरताना एका जागी वर उसळत होता. टायरच्या रबराखाली तारांचा पट्टा असतो, तो टायरला घट्ट धरून ठेवतो. मोठ्या खड्ड्यात चाक आपटलं की कधी कधी हा पट्टा आतून सुटतो. वरून काही कळत नाही. असा टायर मागे असला तर जराशी घरघर येते, बस. पुढे आला की स्टिअरिंग लगेच चुगली करतं. आणि उन्हात, वेगात, भरलेल्या गाडीत असा टायर केव्हाही फुटतो.

काका स्टुलावर बसले. मग आठवून म्हणाले, दमोह नाक्याकडे एक खड्डा जोरात लागला होता. घरघरही येत होती, पण मी समजून राहिलो होतो का रस्ताच खराब आहे.

"शनिवारी नागपूरला निघून राहिलो ना आम्ही," ते मला म्हणाले. "तुझी काकू आणि नात मागे बसणार होत्या. सिवनी सोडलं का मी नव्वदवर जातो."

आमच्याकडून गाडी वेळेवर गेली होती, धुतलेली होती, बिलावर सगळी कामं लिहिलेली होती, आणि एक पोर त्या टायरच्या वर बसून नागपूरला जाणार होती. त्यांनी ते ठिपके लावले नसते तर हे मला वर्तमानपत्रातून कळलं असतं.

काकांनी अंकितला विचारलं, हिंदीत, आवाज न चढवता, की तू मला सांगितलं का नाहीस. अंकितने पहिल्यांदा मान वर केली.

"सर, आप बोलते, गाड़ी तो मैं ठीक लाया था."

हे वाक्य आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येकाने ऐकलेलं आहे. गाडीत आम्ही काही दोष दाखवला की ग्राहकाला वाटतं आम्हीच तो केला. वरचे लोक ग्राहकाची बाजू घेतात. म्हणून मुलं शिकतात की जे दिसलं ते झाकून ठेवलेलं बरं. मी अंकितवर ओरडणार होते, पण काका काय म्हणतात त्यासाठी थांबले.

त्यांनी अंकितकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "हाँ. यही बोलता."

तेवढ्यात तिवारी सर आले. हसून म्हणाले, सर, आप चिंता मत कीजिए, उस आदमी को हम हटा रहे हैं. काका स्टुलावरून उठले आणि दिलीपकडे बोट केलं.

"इसको नहीं हटाना है. इसने बताया नहीं, वो गलत है. हम लोग सुनते नहीं, वो भी गलत है. दोनों ठीक करना है तो इसको रखिए."

तिवारी सरांना काय कळलं माहीत नाही. ग्राहक तक्रार मागे घेतोय एवढं कळलं, आणि त्यांना तेवढं पुरलं.

मला मात्र पुरलं नाही. काका गेल्यावर मी दिलीप आणि अंकितला समोर बसवून चांगलं झाडलं. दिलीप म्हणाला, "मैंने सोचा पीछे रहेगा तो चल जाएगा." तो खोटं बोलत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. मेहनती माणूस, चारही चाकं दोनदा काढतो, हब घासायचंही विसरत नाही, आणि दोन वाक्यं बोलायची टाळतो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: एखादं काम करून परत उलटवलं, तर गाडीची चावी द्यायच्या आधी ग्राहकाला का ते सांगायचं. काही ग्राहक ओरडतात. ओरडू देतो. अंकितला मी सांगून ठेवलंय, ओरडणारा माणूस घरी पोचतो.

काकांनी आधी मागे असलेली टायरची जोडी बदलून नवी घेतली आणि शनिवारी नागपूरला गेले. पोचल्यावर काकूंचा फोन आला, नातीने वाटेत दोनदा उलटी केली, बाकी सगळं ठीक.

पुढच्या सर्व्हिसला काका आले तेव्हा मी काउंटरपाशीच होते. त्यांनी अंकितला चावी दिली आणि सरळ आत दिलीपकडे गेले. मीही मागे गेले. काका खाली वाकून त्याला टायरच्या आतली बाजू दाखवत होते. ठिपके पुन्हा लावलेले होते, या वेळी गुलाबी.

"ये देखो," ते दिलीपला म्हणाले, "एक, दो, तीन, चार. पहले से बता रहा हूँ."

मग रिसेप्शनमध्ये जाऊन ते सोफ्यावर बसले, आणि दहा मिनिटांत घोरायला लागले.